तांबडीला वेगळं ठेवलं नाही

३ नोव्हेंबर, रविवार

प्रिय बारके,

आपण दोघी बोलत नाही आहोत हे मला माहीत आहे. पण कागदावरचं बोलणं बोलण्यात धरत नाहीत, म्हणून लिहिते. फोन केला तर दुसऱ्या वाक्याला तू "थांब, तिला देते" म्हणतेस आणि फोन माझ्या लेकीच्या हातात जातो. तिसऱ्या वाक्याला ती म्हणते, "आई, बाळ उठलं." कागद लिहिताना तरी मध्येच कुणी उठत नाही.

तुझ्या पाचही कोंबड्या ठीक आहेत. मदर पूर्वीसारखीच, बोर्डिंगमधल्या मदर सुपीरियरसारखी, पांढऱ्या अंगावर काळी मान ताठ ठेवून सगळ्यांवर नजर ठेवते. टपालवाली फाटक वाजायच्या आधीच ओरडते. लंगडी आणि दोघी जुळ्या मदरच्या मागे मागे. दाणे सकाळी सातला आणि दुपारी चारला, पाणी दोनदा. खुराड्याच्या दाराशी तू ठेवलेल्या निळ्या चपला घालूनच आत जाते, बाहेर येताना काढते. हॉस्पिटलातून तू निवृत्त झालीस, तुझे नियम काही झाले नाहीत.

बाळासाठी लेकीनं मला न बोलावता तुला बोलावलं, यात तुझा काय दोष. तिनं कारणही चांगलं दिलं. आईचे गुडघे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हेच गुडघे दिवसातून चारदा खुराड्यापर्यंत जातात, ते चालतं.

शिंपीणबाई रोज सकाळी येतात. मी बोलावलेलं नाही. "बारकीताई सांगून गेल्यात, ताईंवर सगळं टाकू नका," म्हणतात. पलीकडच्या घरात त्यांच्या स्वतःच्या अकरा कोंबड्या आहेत, तूच दिलेल्या अंड्यांतून निघालेल्या. तेवढ्या पुरत नाहीत बहुतेक. त्या फाटकातून आत आल्या की तुझ्या कोंबड्या पंख पसरून धावत सुटतात. मी दाणे घेऊन उभी असले तरी मला वळसा घालून पलीकडे. काल मी म्हटलं, "अहो, दाणे माझ्या हातात आहेत."

तर म्हणतात, "तुम्ही पोलिसासारख्या उभ्या राहता, ताई. जरा खाली बसा, तुमचं तोंड दिसू दे त्यांना."

बसले. बसणं जमलं, उठणं जमेना. शेवटी त्यांनीच हात दिला. तुझ्या सगळ्या कोंबड्या ते बघत होत्या.

एक सांगायचं राहिलं. आठ दिवसांपूर्वी बाजारातून मी एक कोंबडी आणली. तांबडी, ठेंगणी, पायांवर पिसं असलेली. तुला विचारायला हवं होतं, पण हल्ली मलाही बऱ्याच गोष्टी कुणी विचारत नाही. ती माझ्या मांडीवर येऊन बसते. तू म्हणतेस तसं तिला जुन्या न्हाणीत वेगळं ठेवलं आहे, महिनाभर ठेवीन. तिचे दाणे सगळ्यांत शेवटी, हात धुऊन. काळजी नसावी.

बोर्डिंगमध्ये रविवारी दुपारी सिस्टर फळ्यावर पत्राचा नमुना लिहून द्यायच्या, आठवतं? मी मजेत आहे. अभ्यास चालू आहे. घरी सर्वांना नमस्कार. तू आठ वर्षांची होतीस. नमुन्याखाली तू लिहिलंस, "ताई रोज रडते." सिस्टरनी ते वाक्य खोडायला लावलं, आणि मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

मी मजेत आहे. 

ताई


१२ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय बारके,

मदर शिंकते आहे.

परवा सकाळी खुराड्यातून आवाज आला, मला वाटलं माणूसच शिंकलं. धूळ असेल म्हणून खालचा भुसा बदलला. काल तिच्या डाव्या डोळ्यात फेस होता, साबणाच्या बुडबुड्यांसारखा. आज नाकपुड्या ओल्या आणि त्यांना कोंडा चिकटलेला. लंगडी सारखी मान झटकते, घशात काही अडकल्यासारखी. जुळ्यांपैकी एक दाण्यापाशी येते आणि न खाता उभी राहते.

तू करतेस तसं मी केलं. मदरला उचललं आणि तिची पाठ कानाशी धरली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये बत्तीस वर्षं काढलेला कान आहे, खराब लाइन लगेच ओळखतो. आत घरघर होती, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी काहीतरी बारीक तुटल्यासारखं. पण खरं सांगू? त्या आवाजाआधी मला तिची ऊब जाणवली. नऊ वर्षांत मदर पहिल्यांदाच माझ्याजवळ गप्प बसली. आजारी होती म्हणून बसली, एवढं मलाही कळतं. तरी मी तिला लगेच खाली ठेवलं नाही.

शिंपीणबाई म्हणाल्या, "बारकीताईंना फोन लावू का?"

"नको. तिच्यामागे बाळ आहे."

"हो ना. आता पालथं पडायला लागलंय म्हणे. क्षणभर नजर हलवून चालत नाही."

पाण्याचं भांडं माझ्या हातात तसंच राहिलं. माझं नातवंड पालथं पडायला लागलं, हे मला शेजारणीकडून कळावं? "तुम्हाला ठाऊक नव्हतं?" असं त्यांनी विचारलं असतं तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं. त्यांनी विचारलं नाही. त्या वाकून लंगडीचे पाय बघायला लागल्या, आणि लंगडीच्या पायांत गेल्या चार वर्षांत बघण्यासारखं काही नवीन घडलेलं नाही. मला त्यांचं ते वाकणं जास्त लागलं.

तुला एक विचारते. बाळ पालथं पडलं तेव्हा पहिला फोन कुणाला करायचा, हे ठरवताना तू थोडा तरी विचार केलास का? का हात आपोआपच शिंपीणबाईंच्या नंबरावर गेला?

लेकीचा निरोप आला होता, "मावशी विचारते, नवी कोंबडी वेगळीच आहे ना?" मी "हो" असं उत्तर पाठवलं.

ताई


१८ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय बारके,

मदर गेली. आज सकाळी.

दोन दिवस ती चोच उघडी ठेवून श्वास घेत होती. प्रत्येक श्वासाला शेपूट वर खाली, भाता ओढल्यासारखं. मी तिला न्हाणीत, तुझ्या जुन्या स्वेटरवर ठेवलं होतं. माझ्या स्वेटरवर ती बसेना. शेवटी मी तिच्याजवळ स्टूल घेऊन बसले होते, एवढं तुला सांगते. एकटी गेली नाही.

दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी मदरला बघितलं, बाकीच्यांचे डोळे, घसे बघितले, मग हात धुवत विचारलं, "नवीन पक्षी आणलात का मध्ये?"

"एक आणली."

"वेगळी ठेवली होती?"

अकरा वर्षं सिस्टरांच्या हाताखाली काढलेल्या बाईला पांढऱ्या कोटासमोर खोटं बोलता येत नाही. कागदावर येतं, ते तू वाचलंच आहेस.

दोन दिवस ठेवली होती, बारके. दोनच. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला, शिंपीणबाईंची यायची वेळ झाली तेव्हा, मी न्हाणीची कडी काढली.

त्याचं कारण लिहायला मला तीन कागद फाडावे लागले. न्हाणीत ती माझ्या मांडीवर बसायची, पण तिथे बघणारं कोण होतं? मला ते परसात व्हायला हवं होतं. तुझ्या पाचही जणी शिंपीणबाईंकडे धावत जातील, आणि एक, एक तरी, उलट्या दिशेनं माझ्याकडे येईल, आणि ते शिंपीणबाई बघतील. मग त्या फोनवर तुला सांगतील. एवढंच. तसं झालंही. तांबडी तुरुतुरु माझ्याकडे आली, शिंपीणबाई म्हणाल्या, "अरे वा, ही तुमची दिसते." त्या दिवशी मी दोनदा जेवले म्हटलंस तरी चालेल, इतकं पोट भरलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हा श्वासाचा जुनाट रोग आहे. पाच दिवस पाण्यातून औषध द्यायचं. शिंका थांबतील, पण रोग अंगातून जाणार नाही. जी जगेल ती वरून धडधाकट दिसेल आणि आयुष्यभर दुसऱ्या कोंबड्यांना देत राहील. तांबडीला बहुतेक आधीच होऊन गेला होता, म्हणून तिला काही नाही. इथली कोंबडी बाहेर द्यायची नाही, निरोगी कोंबडी इथे आणायची नाही. नाहीतर सगळ्या मारायच्या, खुराडं धुवायचं आणि काही महिन्यांनी नव्यानं सुरू करायचं. माणसांना होत नाही, पण माणसांच्या हातांवरून, चपलांवरून शेजारच्या घरी पोचतो.

"कुणी येतं का इथे?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"त्यांना सांगा."

"सांगते," म्हटलं.

मारायचं मी नाही म्हणाले. उरलेल्या पाच माझ्याकडेच राहतील. तांबडी आता मदरच्या जागेवर झोपते. तिला काय कळतंय, आणि तिच्यावर रागावून मी तरी काय मिळवणार. 

ताई


२४ नोव्हेंबर, रविवार

बारके,

सांगते म्हटलं होतं. सांगितलं नाही. चार दिवस.

पहिल्याच दिवशी सांगणार होते. शिंपीणबाई फाटकातून आल्या तेव्हा वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण त्यांनी आधी फोन पुढे केला. "बघा तरी, काय झोपलंय." तू खुर्चीत, आणि माझं नातवंड तुझ्या छातीवर, गाल चेपलेला, तोंड उघडं. तुझा हात त्याच्या पाठीवर. हा हात मी ओळखते. माझी लेक तान्ही असताना तू रात्रपाळी करून यायचीस, मी सकाळच्या पाळीला निघायचे, आणि निघताना दारातून हेच दिसायचं. तोच हात, तसाच गाल. मी एक्सचेंजमध्ये बसून दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडून द्यायचे. संध्याकाळी परत आले की ती तुझ्याकडे बघून मला "आली" म्हणायची. आई आली असं नाही. नुसतं "आली".

मग शिंपीणबाई म्हणाल्या, "बारकीताई म्हणत होत्या, पुढेमागे या कोंबड्या माझ्याकडेच द्यायच्या. माझ्या अकरा, या पाच. जागा करून ठेवलीय मी."

माझ्या परसातल्या कोंबड्या कुणाला द्यायच्या ते ठरलं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मनात आलं, घे. सगळंच घे. मी बोलले नाही. त्यांनी लंगडीला मांडीवर घेतलं, तिचं नाक आपल्या पदरानं पुसलं, आणि त्याच पदरानं, त्याच चपलांनी घरी गेल्या. मी बघत होते. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या. मला मुद्दाम त्यांचं वाईट करायचं नव्हतं असं मी स्वतःला सांगत होते, पण रोज सकाळी फाटक वाजलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची, आणि ती चिकटवणारी मीच होते.

शुक्रवारी त्या आल्याच नाहीत. कुंपणापलीकडून शिंक ऐकू आली. मग दुसरी. माझ्या कानाला अंतर कळतं.

मी त्यांच्या दाराशी गेले. शिवणयंत्रावर एक बाही अर्धवट होती. त्या म्हणाल्या, "या ताई. दोन कोंबड्या मान टाकून बसल्यात हो. तुमच्या डॉक्टरांचा नंबर द्या."

मी सगळं सांगितलं. डॉक्टर सोमवारी काय म्हणाले ते, शब्द न गाळता.

"सोमवारी?"

"हो."

"आज शुक्रवार."

"हो."

त्यांनी यंत्राखालून पाय काढले, चपला घातल्या, मग काही आठवून त्या पुन्हा काढल्या आणि हातात घेतल्या. अनवाणी मागच्या मोरीपर्यंत गेल्या आणि त्या चपला घासायला लागल्या. माझ्याकडे पाठ होती. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, कदाचित आधीच्या आठवड्यातच तुमच्याकडे आला असेल."

"तुम्ही तसं धरू नका, ताई," त्या म्हणाल्या. "मी धरते. तुम्ही धरू नका."

संध्याकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "औषध किती पाण्यात किती, ते लिहून द्या. डॉक्टरांचं अक्षर देवालाही लागायचं नाही." मी लिहून दिलं. कागद त्यांनी टोकाला धरून घेतला.

आता दुसरं. तू निघालीस त्या दिवशी गाडी दारात उभी असताना मी तुला म्हणाले, "तुला पोटचं कुणी नाही म्हणून तू माझं घेतलंस." तू बॅग उचललीस आणि म्हणालीस, "सातला दाणे घालायचे, विसरू नकोस." तेव्हापासून मी वाट बघते आहे की तू त्याचं उत्तर देशील. उत्तर देण्यासारखं ते वाक्य नव्हतं. ते मी परत घेते. घेतलेलं तू काहीच नाहीस. मी ठेवून जायचे आणि तू उचलायचीस. पोर जमिनीवर ठेवलं असतंस का तू?

शिंपीणबाईंशी मी जे केलं ते लेकीला सांगायचं असेल तर सांग. मी तुला थांबवणार नाही.

ताई


४ डिसेंबर, बुधवार

बारके,

तुझं पत्र आलं. दोन महिन्यांत पहिलं, आणि तेही वॉर्डातल्या तक्त्यासारखं. चार ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की आता न बघता म्हणते.

"मदरचं वाईट वाटलं. शिंपीणबाईंना कोंबड्या द्यायच्या होत्या त्या तुला मोकळं करायला. नवीन वर्षाला तू इकडे यावंस असं लेकीनं आणि मी ठरवलं होतं, खालच्या मजल्यावरची खोली बघितली आहे, तुझ्या गुडघ्यांसाठी. तिला तुला अचानक सांगायचं होतं म्हणून मी गप्प होते."

मी हे वाचलं तेव्हा ओट्यापाशी उभी होते. तुम्ही दोघी मला बोलावणार होतात. माझ्यासाठी खोली बघून ठेवली होती. आणि मी या घरात बसून, रोज सकाळी फाटकाकडे डोळे लावून, त्या खोलीची वाट स्वतःच्या हातानं बुजवत होते. रोगी कोंबड्या कुणाला देता येणार नाहीत. त्या पाच इथे, म्हणजे मीही इथे. लेकीला मी फोनवर म्हटलं, नाही जमणार. तिनं विचारलं, "कोंबड्यांसाठी, आई?" मी म्हटलं, "हो, कोंबड्यांसाठी." मग ती म्हणाली, "मावशीनं सांगितलंय मला सगळं. तरी ये." हे "तरी" तिनं किती सहज म्हटलं. मला तिच्या वयात म्हणता आलं नसतं.

पण यायचं कसं, हे तिला कुठे ठाऊक होतं.

काल दुपारी शिंपीणबाई फाटक उघडून आत आल्या. बारा दिवसांनी. टपालवाली ओरडली. मी म्हटलं, "अहो, आत नका येऊ, डॉक्टर म्हणालेत."

"काय राहिलंय आता, ताई?" त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे तेच, माझ्याकडे तेच. माझ्या दोन गेल्या, नऊ राहिल्या. परवा डॉक्टर आले होते, त्यांना विचारलं मी. एकाच रोगाच्या आहेत, एकत्र राहिल्या तर आणखी काय व्हायचंय? माझं खुराडं मोठं आहे. बारकीताईंचा फोन आला होता. तुम्ही जा. या मी बघते."

माझ्या पापानंच माझी वाट मोकळी झाली होती, आणि ती दाखवायला त्या स्वतः आल्या होत्या.

"तुम्हाला राग नाही आला माझा?"

"आलाय ना. अजून आहे." त्यांनी लंगडीला उचललं. "म्हणूनच म्हणते, तुम्ही गेलेल्या बऱ्या. रोज तुमचं तोंड बघून तो जायचा नाही."

मग आम्ही दोघींनी मिळून एकेक कोंबडी टोपलीत घातली. तांबडी शेवटी. ती माझ्या हातातून टोपलीत जाईना, नखं रोवून बसली. शिंपीणबाई म्हणाल्या, "ही तुमचीच." मला वाटलं होतं, हे ऐकून पुन्हा पोट भरेल. नाही भरलं. मी तिचे पाय एकेक करून सोडवले आणि टोपली त्यांच्या हातात दिली. त्या गेल्यावर रिकाम्या परसात मी दाण्याचं भांडं धुतलं, दोनदा.

तर मी येते आहे. एकवीस तारखेची गाडी आहे. स्वच्छ कपडे वेगळे बांधून ठेवले आहेत, खुराड्यातलं काही अंगाला लागून येणार नाही.

तू पत्रात शेवटी विचारलं आहेस, मी आले की तू परत जावंस का, म्हणजे मला मोकळेपणा वाटेल. बारके, मी तीन दिवस यावर "हो" म्हणत होते. मनातल्या मनात, पण म्हणत होते. लेक, बाळ आणि मी, मध्ये कुणी नाही. मग आज सकाळी मला कळलं की तू नसलीस तर बाळ कुणाला शोधत रडेल. मला त्याचं ते शोधणं बघवणार नाही, आणि त्यात मी काही जिंकणार नाही.

तू तिथेच थांब. मी दारात येईन तेव्हा ते तुझ्याच कडेवर असेल, मला माहीत आहे. मला सवय झाली आहे असं म्हणणार नाही, कारण झालेली नाही. आयुष्यभर झाली नाही, आता काय होणार. मी हात पुढे करीन आणि ते तोंड फिरवेल, किंवा माझ्याकडे येऊन भोकाड पसरेल. तेव्हा एवढं कर. लगेच घेऊ नकोस. थोडा वेळ माझ्याजवळ रडू दे.

ताई